दान दिलेल्या कपड्यांचं पुढे काय होतं?

गोव्यात घरातले जुने कपडे बाहेर काढायचे दोन मोसम आहेत, एक चवथीआधीचा, म्हणजे गणपतीआधीचा, आणि दुसरा दिवाळीआधीचा. साफसफाई निघते, कपाटं उपसली जातात आणि दोन-तीन पिशव्या भरून कुणाच्या तरी हवाली होतात. कुणी महिला मंडळाकडे देतं, कुणी चर्चच्या गटाकडे, कुणी आश्रमात, कुणी पालिकेच्या केंद्रावर. 2023 च्या मे महिन्यात केंद्र सरकारच्या मोहिमेत देशभरच्या शहरांत वापरलेले कपडे, पुस्तकं, खेळणी घेणारी केंद्रं निघाली, तेव्हापासून देणं आणखी सोपं झालं. फोंड्याला आमचा बायकांचा एक गट आहे, त्यात आलेले कपडे निवडायला मी बसते. देणारे जाता जाता एकच प्रश्न विचारतात, "हे गरिबांपर्यंत पोचतं ना?"

थोडं पोचतं, पुष्कळसं पोचत नाही. यात कुणाची लबाडी असतेच असं नाही. लोकांना लागतात ते कपडे वेगळे आणि आपल्याकडे साठतात ते वेगळे, हे खरं कारण आहे.

आमच्याकडे मागायला येणारे बरेचसे बांधकामावरचे मजूर असतात, विजापूर-गदगकडचे, ओडिशा-झारखंडचे. त्यांना उन्हात काम करायला पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट हवा असतो आणि गुडघ्यावर न फाटलेली पँट. बायका सुती साडी मागतात, परकर मागतात. शाळकरी मुलांसाठी गणवेश, हिवाळ्याच्या तोंडावर चादरी आणि स्वेटर. आणि येतं काय? जॉर्जेट आणि नायलॉनच्या साड्या, लग्नात एकदाच घातलेले चमचमते ड्रेस, मॅरेथॉन नाहीतर कंपनीच्या कार्यक्रमाचं नाव छापलेले टी-शर्ट, आणि वर्षा-दीड वर्षाच्या बाळांचे ढीगभर कपडे, कारण त्या वयात मुलं दर तीन महिन्यांनी कपडे लहान करतात. पुरुषांच्या चांगल्या पँटी जवळजवळ येतच नाहीत. पुरुष पँट विटेपर्यंत वापरतात आणि मग ती पुसायला जाते. जगभरच्या जुन्या कपड्यांच्या व्यापारातही पुरुषांच्या कपड्यांचा तुटवडा असतो.

निवडणं म्हणजे नेमकं काय, ते एका शर्टावरून सांगते. शर्ट हातात आला की आधी कॉलर उलटी करून बघायची. घडीवर कापड झिजून आतलं अस्तर दिसत असेल तर तो बाजूला. मग काखेतला पिवळा डाग, मग कफाची शिवण, मग बटणं. खिशात हात घालायचा, कारण खिशात औषधाची चिठ्ठी असते, कधी नोटसुद्धा. आणि मग शर्ट नाकाशी न्यायचा. गोव्यात ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची. जूनपासून बंद कपाटात राहिलेल्या कापडाला कुबट वास येतो, घडीवर बारीक काळे ठिपके पडतात. ही बुरशी सुती कापडातून सहसा धुऊन जात नाही. असा एक कपडा पोत्यात गेला आणि पोतं बांधून ठेवलं की पुढच्या काही दिवसांत शेजारचे कपडेही तसेच होतात. आणि चवथीची साफसफाई येते ती नेमकी पावसाळ्यात. म्हणजे वर्षातले सगळ्यांत जास्त कपडे आमच्याकडे सगळ्यांत दमट दिवसांत येतात.

निवडून झालं की एका बाजूला देण्याजोगे कपडे, दुसऱ्या बाजूला उरलेले. उरलेल्यांना इथे तीन वाटा असतात. सुती असेल तर फडकी होतात. गॅरेजवाले, वर्कशॉपवाले, मालीम आणि कुटबणच्या जेटीवरच्या ट्रॉलरवर इंजिन सांभाळणारे, सगळ्यांना तेल-ग्रीस पुसायला चिंध्या लागतात. पण त्या सुती लागतात. पॉलिएस्टर तेल टिपत नाही, नुसतं पसरवतं. दुसरी वाट किलोवर घेणाऱ्या व्यापाऱ्याची. तो पोती उचलतो आणि माल राज्याबाहेर जातो. पावसात भिजलेली पोती मात्र तो दारातूनच परत पाठवतो. आमचीही पाठवली आहेत, आणि त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. तिसरी वाट कचऱ्याची. गोव्यातला पुन्हा वापरता न येणारा सुका कचरा दाबून, गठ्ठे बांधून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांकडे जातो आणि तिथे भट्टीत इंधन म्हणून जळतो. चुकून ओल्या कचऱ्यात गेलेली साडी मात्र साळगाव-काकोड्यासारख्या प्रकल्पात भलताच त्रास देते. कापड यंत्राच्या फिरत्या भागाला गुंडाळलं जातं आणि ते थांबवून कापून काढावं लागतं.

इथे मला बोहारणीची आठवण काढायलाच हवी. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन दारोदार फिरणारी आणि जुन्या कपड्यांवर भांडं देणारी ही बाई अनेक मराठी वाचकांनी पाहिली असेल. गुजरातमधून आलेला वाघरी, म्हणजे देवीपूजक समाज पिढ्यान् पिढ्या हा धंदा करतो. दिल्लीत रघुबीर नगरला अशा कपड्यांचा बाजार पहाटे भरतो, तिथून ते रफू होऊन, धुऊन, इस्त्री होऊन पुन्हा विक्रीला जातात. बोहारीण पातेलं हातचं सोडायच्या आधी प्रत्येक पँट उजेडात धरून बघायची. जरीची साडी असेल तर जरीवर बोट फिरवून बघायची. फाटकं तिने कधी घेतलं नाही. म्हणजे कपड्याची प्रतवारी तुमच्या उंबऱ्यावरच होत होती, तुमच्यासमोर. दान देताना ही तपासणी होत नाही. पिशवी बंद, गाठ मारलेली, घेणाऱ्याने "थँक यू" म्हणायचं. पण तपासायचं काम तसंच उरतं, ते फक्त पुढच्यावर ढकललं जातं. तो पुढचा त्याच्याही पुढच्यावर ढकलतो. अतिरिक्त कपड्यांची सगळी गोष्ट मला या एका मुद्द्याभोवती फिरताना दिसते: चांगला कपडा वाटेत कुठेतरी उचलला जातो, आणि टाकाऊ कपड्याचा खर्च साखळीतल्या सगळ्यांत शेवटच्या, सगळ्यांत कमी ताकदीच्या माणसाला सोसावा लागतो.

परदेशात हे किती मोठ्या प्रमाणावर होतं ते बघा. इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात गोमंतकीयांची मोठी वस्ती आहे. माझी एक मावसबहीण तिथे असते. तिच्या रस्त्यावर एका रांगेत धर्मादाय संस्थांची दुकानं आहेत. लोक कपडे आणून देतात, संस्था ते विकते आणि त्या पैशांतून तिचं मूळ काम चालतं. पण अशा दुकानांत दान आलेल्या कपड्यांपैकी साधारण 10 ते 30 टक्केच विकले जातात, असे बहुतेक अंदाज आहेत. बाकीचे किलोच्या भावाने घाऊक व्यापाऱ्याला जातात. यात फसवणूक नाही. त्या विक्रीचे पैसेही संस्थेलाच मिळतात, आणि ते कपडे जाळण्यापेक्षा कुणी घालणं केव्हाही बरं. अडचण आकड्यांची आहे. युरोपियन युनियनमधून बाहेर जाणारं जुनं कापड 2000 मध्ये साडेपाच लाख टनांच्या आसपास होतं, 2019 मध्ये ते जवळपास 17 लाख टन झालं. त्यातला 46 टक्के माल आफ्रिकेत गेला, 41 टक्के आशियात. 1 जानेवारी 2025 पासून तिथे कापड वेगळं गोळा करणं सगळ्या देशांना बंधनकारक आहे. गोळा होणारा माल त्यामुळे वाढणार हे उघड आहे. तो घालणारी माणसं मात्र कायद्याने वाढत नाहीत.

यातला काही माल आपल्या शेजारीच उतरतो. कच्छमधल्या कांडल्याला 1965 मध्ये आशियातलं पहिलं निर्यात प्रक्रिया क्षेत्र सुरू झालं. घालण्याजोगे जुने कपडे भारतात मोकळेपणाने आयात करता येत नाहीत, कारण त्याने इथल्या कापडधंद्याला फटका बसेल. म्हणून या क्षेत्रातल्या परवाना असलेल्या कारखान्यांत कंटेनर उघडतात, बायका तासन् तास उभ्या राहून माल निवडतात, आणि घालण्याजोगा माल गासड्या बांधून पुन्हा बाहेर, बराचसा आफ्रिकेत जातो. जो घालण्याजोगा नाही, त्याला कात्री लागते, म्हणजे तो कपडा म्हणून कुणाला विकता येऊ नये. मग तो चिंधी म्हणून देशात येतो.

लोकरीच्या चिंध्यांचं मोठं ठिकाण हरियाणातलं पानिपत. आपल्याला ते नाव वेगळ्या कारणाने माहीत आहे, पण कापडाच्या जगात पानिपत ओळखलं जातं ते जुन्या लोकरीतून सूत काढण्यासाठी. ही युक्ती मूळ इंग्लंडमधल्या यॉर्कशायरची, बॅटली गावी 1813 मध्ये निघालेली. पानिपतच्या कारखान्यांत बायका जमिनीला टेकवलेल्या पात्यावर कोट-स्वेटर ओढतात. चेन, बटणं, लेबल, अस्तर एकेक करून वेगळं होतं. मग रंगाचे ढीग लागतात: लाल एकीकडे, निळा दुसरीकडे, तपकिरी, करडा, काळा. हे रंग वेगळे करणं म्हणजेच रंगाई. लाल स्वेटरांचं सूत लाल निघतं, त्यामुळे रंग द्यायला पाणी लागत नाही की रसायन लागत नाही. मग यंत्र कापड पिंजून त्याचे तंतू सुटे करतं, त्याचं सूत काततात आणि त्यातून घोंगड्या विणतात. भूकंपात, पुरात, थंडीच्या लाटेत वाटल्या जाणाऱ्या करड्या-तपकिरी घोंगड्या वर्षानुवर्षं अशाच बनत आल्या. पण पिंजताना तंतू तुटून आखूड होतात. त्यामुळे घोंगडी जाडजूड आणि टोचरी निघते, आणि तिच्यातून पुन्हा सूत काढणं कठीण. आता तर पॉलिएस्टरच्या मऊ, हलक्या, स्वस्त ब्लँकेटांनी या घोंगड्यांची बाजारपेठ खाल्ली आहे. पानिपतही बरंचसं तिकडेच वळलं.

आफ्रिकेत पोचलेल्या गासडीचं काय होतं, ते घानाची राजधानी आक्रा इथल्या कांतामांतो बाजारात दिसतं. तिथे काम करणाऱ्या एका संस्थेच्या अंदाजाप्रमाणे आठवड्याला सुमारे दीड कोटी कपडे या एका बाजारात येतात. गासडी साधारण 55 किलोची. ती डोक्यावर वाहून नेणाऱ्या बहुतेक बायका-मुली देशाच्या उत्तरेकडून कामासाठी आलेल्या. दुकानदार गासडी न उघडता विकत घेतो, बरेचदा कर्ज काढून. सोडली आणि आत चांगली जीन्स निघाली तर आठवडा निघाला. डागाळलेले, फाटके, पातळ होऊन गेलेले टी-शर्ट निघाले तर कर्ज तसंच राहिलं. किती माल वाया जातो यावर तिथेच वाद आहे, व्यापारी कमी सांगतात, पर्यावरणवाले जास्त. पण आक्राच्या किनाऱ्यावर वाळूत रुतलेले कपड्यांचे पीळ आणि मासेमाऱ्यांच्या जाळ्यात अडकणारी कापडं यांबद्दल वाद नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. 2025 च्या सुरुवातीलाच, जानेवारीच्या पहिल्या दोन दिवसांत, लागलेल्या आगीत या बाजाराचा मोठा भाग जळाला आणि हजारो लोकांचं पोट गेलं. ही माणसं कुणाचं दान मागत नव्हती. ती पैसे मोजून माल घेत होती, दुरुस्त करत होती, जगातल्या श्रीमंत देशांचं काम करत होती.

चिलीमध्ये तर अटाकामाच्या वाळवंटातच ढिगारे झाले. इकीकेच्या करमुक्त बंदरात वर्षाला सुमारे 59,000 टन जुने आणि न खपलेले नवे कपडे येतात, असा आकडा 2021 मध्ये पुढे आला, आणि त्यातले 39,000 टनांपर्यंत वाळवंटात टाकले जातात असाही. पॉलिएस्टर कुजत नाही, आणि तिथे पाऊस जवळपास पडतच नाही. कपडे तसेच पडून राहतात किंवा कुणीतरी पेटवतं.

मग हे देश माल घ्यायचं नाकारत का नाहीत? प्रयत्न झाले. पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी 2016 मध्ये ठरवलं की 2019 पर्यंत जुन्या कपड्यांची आयात बंद करायची, म्हणजे आपल्या गिरण्या उभ्या राहतील. अमेरिकेतल्या जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांनी तक्रार केली आणि त्या देशांना मिळणाऱ्या व्यापारी सवलतींवर गदा आली. बाकीचे मागे हटले, रवांडा ठाम राहिलं. 2018 मध्ये रवांडाच्या तयार कपड्यांची अमेरिकेतली करमाफी थांबवली गेली. दान म्हणून निघालेला कपडा दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत दोन देशांमधला व्यापारी तंटा झालेला असतो.

"मग जुन्याचे नवे कपडे का करत नाहीत?" हा पुढचा प्रश्न हमखास येतो. कारण कापड एकजिनसी राहिलेलं नाही. तुमच्या अंगावरच्या कुडत्याचं लेबल वाचा. कापूस, पॉलिएस्टर, थोडं ताणणारं इलास्टेन, असं तिघांचं मिश्रण सापडेल. हे तीन धागे एकाच सुतात पिळलेले असतात. ते वेगळे करणारी रासायनिक तंत्रं आहेत, पण महाग आणि थोड्या प्रमाणातली. 2017 च्या एलेन मॅकआर्थर फाउंडेशनच्या अहवालानुसार कपड्यांसाठी वापरलेल्या मालापैकी 1 टक्क्याहून कमी माल पुन्हा नवा कपडा होतो. दुकानात "पुनर्वापरातून बनवलेलं" अशी चिठ्ठी लावलेला टी-शर्ट बहुतेक वेळा प्लास्टिकच्या बाटल्यांचा असतो, जुन्या टी-शर्टचा नसतो.

आपत्तीच्या वेळी हाच अतिरेक सगळ्यांत जास्त टोचतो. 2004 च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून जुने कपडे आले आणि रस्त्याच्या कडेला चिखलात पडून राहिले. ज्या मासेमारांचं सगळं गेलं होतं, त्यांना कुणाचे उतरलेले, फाटके कपडे ढिगातून उचलायचे नव्हते. मदतकार्यासाठी हवे असलेले रस्ते, गोदामं आणि हात मात्र त्या कपड्यांनी अडवले. अंशू गुप्ता यांनी 1999 मध्ये सुरू केलेल्या 'गूंज' या संस्थेने असा टाकून दिलेला माल उचलून, निवडून कामी लावला. संस्थेचं एरवीचं कामही समजून घेण्यासारखं आहे. गावकरी स्वतः ठरवतात की आपल्याला विहीर हवी, बांध हवा की साकव, मिळून ते काम करतात, आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे मिळतात. कपडा तिथे हक्काचा होतो. घालायला न चालणाऱ्या सुती कापडाच्या धुऊन मासिक पाळीसाठीच्या घड्या केल्या जातात. गुप्ता यांना 2015 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे काम मला सगळ्यांत जवळचं वाटतं, कारण त्यात निवडण्याच्या मेहनतीला किंमत आहे आणि घेणाऱ्याच्या मानालाही.

गोव्याला वापरलेल्या कपड्याचं वावडं कधीच नव्हतं. हणजूणचा बुधवारचा बाजार सुरू झाला तोच मुळी परत निघालेल्या हिप्पींनी आपले कपडे आणि सामान विकून टाकायला. घराघरांत जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवल्या जात. सीमेपलीकडे हल्याळ-यल्लापूरच्या रानात राहणाऱ्या सिद्दी बायका जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून जी रंगीत गोधडी शिवतात, तिला कवंद म्हणतात. त्यांच्या पूर्वजांपैकी अनेकांना पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलं होतं, इथून निसटून ते त्या रानात गेले. आजही शेताभोवती रानडुकरांना अडवायला जुन्या साड्या बांधलेल्या दिसतात. सुती साडी पावसात कुजून मातीत जाते. नायलॉनच्या साडीचे मात्र दोरे सुटतात आणि शेतातच राहतात, म्हणून त्या पिकं निघाल्यावर सोडून घ्यायला हव्यात.

आमच्या गटाकडे कपडे देणाऱ्यांना मी आता काही गोष्टी सरळ सांगते. धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून द्या, आणि शक्य असेल तर चवथीआधी काढून ठेवलेले कपडे ऑक्टोबरचं ऊन पडल्यावर आणा. फाटलेलं सुती कापड आम्हाला देऊ नका, तुमच्या ओळखीच्या गॅरेजवाल्याला द्या, तो आनंदाने घेईल. गणवेश मे महिन्यात द्या, जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हा मागणी असते आणि दिवाळीत आलेल्या गणवेशाला सात महिने कपाट लागतं. चादर-स्वेटर डिसेंबरच्या आधी. आतले कपडे वापरलेले नकोत, देणार असाल तर नवे द्या, ते मागायला लोकांना संकोच वाटतो आणि गरज खूप असते. आपत्तीच्या वेळी आधी फोन करून विचारा. आणि पिशवीवर मार्करने लिहा: 'पुरुष, पँट, कंबर 34, 4 नग'. नाव लिहिलेली पिशवी आम्ही न उघडता योग्य माणसाच्या हातात देऊ शकतो, आणि आमच्याकडून त्याच पिशव्या सगळ्यांत आधी संपतात.